ओपन सोर्सवर बोलायला जाण्यापूर्वी

गेल्या वर्षी इंदूरच्या एका महाविद्यालयात ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरवर, बोलायला गेले, तेव्हा पाहुण्यांना तिथल्या वायफायचे लॉगिन मिळत नव्हते आणि चाळीस लॅपटॉप माझ्या एका फोनच्या हॉटस्पॉटवर गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) उतरवू पाहत होते. दीड तासांपैकी तास त्यातच गेला. म्हणून लागेल ते सारे पेनड्राइव्हवर घेऊन जावे. आयोजकांनी 'नेट उत्तम आहे' असे कितीही सांगितले, तरी घेऊन जावे.

विंडोजसाठीचा गिटचा इन्स्टॉलर, नमुन्याचा प्रकल्प आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करण्यासाठीची संपूर्ण प्रत) एवढे निदान पाच पेनड्राइव्हवर असावे. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या २४.०४ आवृत्तीची डेस्कटॉप आयएसओ पाच जीबीहून मोठी आहे आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीची फाइलही मावत नाही. पेनड्राइव्ह आधीच मोठ्या फाइली मावणाऱ्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून ठेवावेत आणि प्रत उतरल्यावर चेकसम (फाइल बिनचूक उतरली का हे दाखवणारा संकेतांक) जुळवून पाहावा. ते फिरवताना हेही सांगावे की प्रती वाटण्याचा हा हक्क आपल्याला या सॉफ्टवेअरच्या परवान्यानेच दिला आहे. विषय समजावण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही.

इंदूरचे विद्यार्थी हिंदीत ऐकतात आणि 'मुक्त' व 'मुफ्त' हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात, त्यामुळे मुक्त म्हणजे वापरण्या-बदलण्याची मोकळीक आणि मुफ्त म्हणजे फुकट, हा फरक फळ्यावर लिहूनच दाखवावा. १९८३ चा जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प, १९९१ चे लिनक्स आणि १९९८ मध्ये रूढ झालेले 'ओपन सोर्स' हे नाव, एवढा इतिहास पाच मिनिटांत आटोपावा. परवान्यावर मात्र घाई करू नये. कोड सर्वांना दिसेल असा ठेवला म्हणजे तो ओपन सोर्स झाला, असे अनेक विद्यार्थी मानतात. प्रत्यक्षात परवाना दिला नसेल तर कॉपीराइटनुसार हक्क लेखकाकडेच राहतात.

प्रात्यक्षिकही नेटविना चालेल असेच बेतावे. गिटच्या क्लोनमध्ये, म्हणजे उतरवून घेतलेल्या प्रतीत, प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास येतो. कमिट (बदल नोंदवणे), ब्रँच (कामाची वेगळी शाखा काढणे) आणि लॉग (नोंदींची यादी पाहणे) यांना नेट लागत नाही, आणि पुश, म्हणजे आपले बदल दुसऱ्या साठ्यात पाठवणे, दाखवायचे असेल तर पेनड्राइव्हवरच एक बेअर रिपॉझिटरी (फक्त गिटच्या नोंदींचा साठा) तयार करून ठेवता येते. आदल्या रात्री लॅपटॉपचे वायफाय बंद करून सगळे प्रात्यक्षिक एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहावे. फोनचा हॉटस्पॉटही बंद ठेवावा. जिथे अडखळाल, ती फाइल त्याच रात्री पेनड्राइव्हवर घ्यावी, सकाळवर ठेवू नये.

एचडीएमआय केबल, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड. पडद्यावरची अक्षरे मोठी असावीत. सभागृहात अर्धा तास आधी पोहोचावे. प्रश्नांना वीस मिनिटे राखावीत. निघताना पेनड्राइव्ह मोजून घ्यावेत. एखादा प्रयोगशाळेसाठी ठेवता आला तर ठेवावा.