होडीला आऊटबोर्ड बसवताना: फळी, पंखा, पेट्रोल आणि शेवटी रडार

आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायची मोटर, किती एचपीची घ्यायची हा प्रश्न नंतरचा. आधी टेप घेऊन होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा. मोटर जिथे टांगायची त्या मधल्या जागी, वरच्या कडेपासून तळापर्यंत. 15 इंच भरली तर शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याची मोटर), 20 इंच भरली तर लाँग शाफ्ट (लांब दांड्याची). जुन्या लाकडी होड्या 17-18 इंचांवर अडकतात. तिथे लाँग शाफ्ट घ्या आणि फळीवर सागाची पट्टी चढवून उंची वाढवा. शॉर्ट शाफ्ट बसावा म्हणून फळी खाली कापू नका. खाडीच्या तोंडाशी मागून आलेली लाट त्याच खाचेतून आत येते.

मग हातोडीच्या दांड्याने फळीवर ठोकून पाहा. ‘टण’ असा कोरडा आवाज आला तर ठीक. ‘भद्द’ आला तर आतलं प्लायवुड पाणी पिऊन कुजलंय. जुन्या बोल्टांच्या भोकांभोवती हे हमखास आढळतं. अशा फळीवर 50 किलोची मोटर टांगली की काही महिन्यांत फळी मागे झुकते. आधी फळी बदला, मोटर नंतर बसवली तरी चालेल.

आता एचपी. 18 फुटी होडीची पाण्यातली लांबी समजा 16 फूट. जड, खोल बसणारी होडी स्वतःच्या लाटेतून बाहेर पडू शकत नाही. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले 1.34, म्हणजे तिची मर्यादा साधारण साडेपाच नॉट. तिथवर 8 ते 9.9 एचपी आरामात नेते. त्याच होडीला 15 लावली तर वेग जवळपास तोच राहतो, फक्त मागचा भाग खाली बसतो आणि पेट्रोल जळतं. सपाट तळाची हलकी फायबर पाण्यावर उचलून पळवायची असेल तर हिशेब वेगळा: होडी, माणसं, जाळी, बर्फ, टाकी असं सगळं वजन धरून दर 20-25 किलोला 1 एचपी. भरलेली 800 किलो असेल तर 32 ते 40 एचपी. होडीवर कमाल एचपीची पाटी असेल तर तिच्यापुढे जायचं नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? 15 एचपीत टू-स्ट्रोक साधारण 36-38 किलो, फोर-स्ट्रोक 50 च्या आसपास. रोज होडीवरून उतरवून घरी न्यायची असेल तर हे 12-14 किलो खांद्याला कळतात. रोजचे चार-पाच तास चालणार असेल तर मात्र फोर-स्ट्रोकच. पूर्ण थ्रॉटलला ती तासाला सुमारे 5 लिटर खाते, जुनी कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक 7 च्या पुढे.

बसवताना मोटर बरोबर मध्यरेषेवर धरा. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी प्लेट होडीच्या तळाशी समपातळीत किंवा फार तर 1 इंच खाली यायला हवी. प्लेट वर राहिली तर वळताना पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागेवर राहते. फार खाली गेली तर पाणी उडतं आणि मोटर ओढल्यासारखी चालते. अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पट्टीने जुळवा. नुसत्या हाताच्या स्क्रूवर विसंबू नका, ते कंपनाने सैल होतात. 316 स्टेनलेसचे बोल्ट आरपार घाला, आतून मोठे वॉशर लावा. भोकाच्या कडांना आधी इपॉक्सी पाजायची आणि ती सुकली की बोल्टभोवती पॉलियुरेथेन सीलंट भरायचा. हे दहा रुपयांचं काम टाळल्यानेच फळ्या कुजतात.

टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू3 तेलच घाला, मोटरसायकलचं नको. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली. नव्या मोटरला पहिले 10 तास बहुधा 25:1, म्हणजे 40 मिली. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहून घ्या. रॉकेलवर चालणाऱ्या मोटरचं प्रमाण वेगळं असतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. म्हणून पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर लावा आणि महिनाभर पडलेलं पेट्रोल होडीत वापरू नका. मोटर दहा मिनिटं चालून मरत असेल तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा. पेट्रोलचा रबरी फुगा चपटा झालेला दिसला, की दोष तोच.

पंख्याची परीक्षा पूर्ण थ्रॉटलला होते, तीही नेहमीचं वजन भरून. पुस्तिकेत 5000 ते 6000 आरपीएम दिले असतील आणि मोटर 4600 लाच अडकत असेल तर पिच, म्हणजे पंखा एका फेरीत जितका पुढे सरकतो ते अंतर, जास्त आहे. पिच 1 इंच कमी केली की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. इथे 2-3 इंच कमी लागेल. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उगाच वर उठत असेल तर मोटरच्या कलाची पिन एक भोक आत, फळीकडे घ्या. नाळ पाण्यात घुसत असेल तर एक भोक बाहेर.

सुरू झाल्या झाल्या मागे वळून मोटरमधून पडणारी थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार पाहा. धार नाही तर लगेच बंद. कोरडी मोटर फिरवली तर हे पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (छोटा पंखा) मिनिटभरातही जळतो. धारेच्या नळीत नुसती वाळू अडकलेली असेल तर पातळ तारेने मोकळी होते. इम्पेलर वर्षातून एकदा बदलाच. गिअर ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. निघालेलं तेल दुधाळ असेल तर सील गेलंय. मोटरऐवजी स्वतः गंजणाऱ्या झिंकच्या तुकड्याला रंग लावू नका, अर्धं झिजलं की बदला. इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या किल-स्विचची दोरी मात्र मनगटाला हवी, खुंटीला नव्हे.

रडारबद्दल स्पष्टच: खाडीत आणि किनाऱ्यालगत दिवसा फिरणाऱ्या 18 फुटीला ते नको, काठीवर रडार रिफ्लेक्टर लावा, म्हणजे जहाजांना तुम्ही दिसाल. उरण-करंजाकडून रात्री जहाजांच्या वाटा ओलांडणाऱ्या 26-28 फुटीला मात्र पावसाच्या सरीत रडार खरंच कामाचं.

रडारचा 18 इंची घुमट (आत अँटेना असतो तो) आणि स्क्रीन मिळून 12 व्होल्टवर साधारण 3 अँपियर ओढतात. छोटी मोटर पूर्ण वेगात 6 अँपियर देते, जाळ्यावर संथ चालताना त्याहून बरीच कमी. म्हणजे सहा तासांचे 18 अँपियर-तास बॅटरीतूनच जाणार असं धरा. लेड-ॲसिड अर्ध्यापर्यंतच उतरवायची, तर किमान 50 अँपियर-तासांची स्वतंत्र बॅटरी. स्टार्टरच्याच बॅटरीवर जोडलं तर सेल्फ मारताच व्होल्टेज पडतं आणि स्क्रीन बंद होऊन पुन्हा सुरू होते, नेमकी जहाज समोर असताना.

घुमट माणसांच्या डोक्यांवर येईल असा बसवा. 2.5 मीटरवरून 4 मीटर उंच लक्ष्य सुमारे 8 सागरी मैलांवर दिसू शकतं, त्यामुळे 36 मैलांच्या जाहिरातीला भुलू नका. 18 इंचीचा झोत सुमारे 5 अंश रुंद, सागरी मैलावर सुमारे 160 मीटर. तेवढ्यात शेजारी असलेल्या दोन होड्या एकच ठिपका दिसतात. दिशा जुळवायला एखादा बोया नाळेसमोर धरा आणि पडद्यावरची रेघ त्याच्यावर आणा. मग सरळ धक्क्याच्या बाजूने जा. धक्का वाकडा दिसला तर अंतराची दुरुस्ती बाकी आहे. गेन (रडारची संवेदनशीलता) बारीक ठिपके उमटेपर्यंत वाढवून किंचित मागे घ्या. सी-क्लटर (लाटांचे ठिपके पुसणारं बटण) हात राखून फिरवा, कारण लाटांबरोबर तो लाकडी होड्याही पुसून टाकतो.