टायरॅनोसॉरस सोपा, ‘हॅज’ अवघड: डायनासॉरच्या पुस्तकातून इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी तिसरी-चौथीला इंग्रजी शिकवते. वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं निम्मीही नाहीत. यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या, विड्या वळणाऱ्यांच्या घरांतून येणारी बरीच मुलं तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. म्हणजे आमच्या मुलांसाठी ती दुसरी नव्हे, अनेकदा तिसरी-चौथी भाषा असते.

डायनासॉरचं चित्रांचं पुस्तक पहिल्यांदा वर्गात नेलं तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून टेबलाभोवती आली. महिनाभर आम्ही तेच पुस्तक वाचलं. महिन्याअखेर मुलांना डायनासॉरची पुष्कळ माहिती झाली होती, पण त्यातल्या एकाबद्दलही स्वतःहून दोन इंग्रजी वाक्यं कुणाला बोलता येईनात. मुलं तीच होती, पुस्तकही चांगलं होतं. चुकत होतं माझं. कुठे चुकलं आणि नंतर काय बदललं, ते इथे लिहिते.

मोठ्या नावांना घाबरणं

‘टायरॅनोसॉरस’ हा शब्द पाहूनच आपल्यातले बरेच जण पुस्तक बाजूला ठेवतात. काही जण तो पाच-पाच वेळा लिहायला देतात, आणि ते जास्त वाईट. मुलांना या नावांची भीती मुळात नसतेच. ‘वेन्सडे’ला अडखळणारं पोर ‘ट्रायसेराटॉप्स’ न चुकता म्हणतं, कारण ते नाव त्याला हवं असतं.

नाव टाळ्यांवर तोडा. टाय-रॅ-नो-सॉ-रस, पाच टाळ्या. ट्राय-से-रा-टॉप्स, चार. मग एकेका तुकड्याचा अर्थ सांगा. ‘ट्राय’ म्हणजे तीन, गणितातल्या ट्रँगलमधलाच. पूर्ण नावाचा अर्थ तीन शिंगांचं तोंड. ‘सॉरस’ हे ग्रीकमधून आलेलं, पाल-सरड्याच्या जातीसाठीचं. ‘डायनासॉर’ हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडवला, भयंकर आणि सरडा हे दोन ग्रीक शब्द जोडून. हे सांगितल्यावर मी विचारलं, तुमच्या घरी पालीला काय म्हणतात? तेलुगू मुलं म्हणाली ‘बल्ली’, कन्नड मुलं ‘हल्ली’, उर्दूवाली ‘छिपकली’. मराठीतल्या ‘पाल’सकट चारही शब्द फळ्यावर गेले, त्यांच्या खाली ‘लिझर्ड’. तो शब्द त्यानंतर कुणाला पाठ करावा लागला नाही.

या नावांचं स्पेलिंग मात्र विचारू नका. नावांच्या पट्ट्या भिंतीवर लावा, मुलं बघून लिहितील. चौथीतल्या मुलाला ‘टायरॅनोसॉरस’चं स्पेलिंग आलंच पाहिजे असं मला कुठल्याही बाजूनं वाटत नाही. ती मेहनत पुढच्या शब्दासाठी राखून ठेवा.

‘इज’ आणि ‘हॅज’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुलांना ट्रायसेराटॉप्सच्या चित्राबद्दल बोलायला सांगितलं की दहापैकी आठ जण म्हणतात, ‘इट इज थ्री हॉर्न्स.’ मी आधी नुसतं दुरुस्त करायचे: ‘इज’ नाही, ‘हॅज’. मुलं मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘इज’. हे दुर्लक्षामुळे होतं असं मला वाटायचं. एक दिवस चारही भाषांत तेच वाक्य मुलांकडून बोलवून घेतलं तेव्हा कारण कळलं.

मराठीत: त्याला तीन शिंगं आहेत. तेलुगूत: दानिकी मूडु कोम्मुलु उन्नायि. कन्नडमध्ये: अदक्के मूरु कोंबु इवे. उर्दूत: उसके तीन सींग हैं. चारही ठिकाणी क्रियापद ‘आहे’चंच. ‘जवळ असणं’ दाखवणारं ‘हॅव’सारखं वेगळं क्रियापद यांतल्या एकाही वाक्यात नाही. मूल घरच्या वाक्याला प्रामाणिक राहून इंग्रजी बोलतंय, म्हणून ‘आहे’साठी त्याला येणारा एकच शब्द ते वापरतं: इज.

त्या दिवसापासून मी ‘त्याला’ची किल्ली वापरते. वाक्य आपल्या भाषेत ‘त्याला’, ‘दानिकी’, ‘अदक्के’, ‘उसके’नं सुरू झालं तर इंग्रजीत ‘हॅज’. ‘तो’नं सुरू झालं तर ‘इज’. तो मोठा आहे: इट इज बिग. त्याला लांब शेपूट आहे: इट हॅज अ लाँग टेल. फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे डायनासॉर कसा आहे, उजवीकडे त्याला काय काय आहे. पुस्तकाचं प्रत्येक पान या दोन रकान्यांत भरता येतं.

किल्ली दिल्यावर आठवड्याभरात नवी चूक येईल, तिची तयारी ठेवा. ‘त्याला भूक लागली आहे’ हेही ‘त्याला’नंच सुरू होतं, म्हणून मुलं म्हणतात, ‘इट हॅज हंग्री.’ तर्क अगदी बरोबर आहे, म्हणून ओरडू नका. किल्लीला एक अट जोडा: चित्रात बोट ठेवता आलं तरच ‘हॅज’. शिंगावर बोट ठेवता येतं, शेपटीवर येतं, भुकेवर येत नाही. भूक आणि राग ‘इज’च्या रकान्यात. तिसरी-चौथीपुरती ही अट पुरते.

‘हॅज’ बसलं की अनेकवचन त्याच्याच पाठोपाठ घ्या. वन हॉर्न, थ्री हॉर्न्स. वन टूथ, मेनी टीथ. वन फूट, फोर फीट. डायनासॉरइतके दात आणि पाय मोजायला देणारा दुसरा प्राणी सापडणार नाही.

प्रत्येक ओळीमागे मराठी

मी एक इंग्रजी ओळ वाचायचे आणि लगेच तिचं मराठी सांगायचे. काही दिवसांत मुलं इंग्रजी ओळ चालू असताना खिडकीबाहेर बघायला लागली आणि मराठी सुरू झालं की कान टवकारायला लागली. मी मराठी देणारच, हे त्यांना माहीत झालं होतं.

आता ओळ वाचते, चित्रावर बोट ठेवते आणि थांबते. मग छोटे प्रश्न: हाऊ मेनी लेग्ज? इज इट बिग ऑर स्मॉल? उत्तर एका शब्दात आलं तरी घेते. घरच्या भाषेवर बंदी घालू नका. वर सांगितलेली किल्ली घरच्या भाषेशिवाय बनलीच नसती. फक्त ओळीचं आयतं भाषांतर देऊ नका.

लांबी आकड्यात सांगणं

टायरॅनोसॉरस साधारण १२ मीटर लांब होता हे वाक्य मुलं ऐकतात आणि विसरतात. आमच्या मुलांना मीटर कळतो तो चादरीतून. एका मुलीनं घरची चादर आणली, मोजली तर साडेसात फूट भरली. मैदानावर खडूनं १२ मीटरची रेघ मारली आणि तिच्यावर चादर ठेवत गेलो. पाच चादरी लागल्या, वर थोडी जागा उरली. मग वाक्यं आपोआप आली: इट इज लाँगर दॅन अ चादर. इट इज लाँगर दॅन अवर क्लासरूम.

‘दॅन’ची अडचणही इथेच सोडवा. आपण म्हणतो ‘हत्तीपेक्षा मोठा’, म्हणून मुलं ‘एलिफंट दॅन बिग’ म्हणतात. एकेका मुलाच्या हातात एकेक शब्द द्या, आधी मराठीच्या क्रमानं उभं करा, मग इंग्रजीच्या. जागा बदलताना झालेली धक्काबुक्की मुलांच्या लक्षात राहते आणि तिच्याबरोबर क्रमही राहतो.

काळाचा गोंधळ

पुस्तकातली वाक्यं बहुतेक भूतकाळातली असतात आणि चित्र तर समोर दिसतंय. मग ‘हॅज’ की ‘हॅड’? मुलं गोंधळतात आणि बरोबरच गोंधळतात. आमच्या वर्गाचा नियम असा आहे: चित्राकडे बोट असेल तर ‘इज’, ‘हॅज’, पुस्तक मिटून त्या काळाबद्दल बोलायचं असेल तर ‘वॉज’, ‘हॅड’. एकाच तासात दोन्ही घेऊ नका. मी दोन आठवडे फक्त चित्रांवर काढते, त्यानंतर पुस्तक मिटते.

भूतकाळ आधी घरातून आणा, डायनासॉर त्यानंतर. आमच्या कित्येक मुलांचे आजोबा किंवा पणजोबा गिरणीत होते आणि गिरणीचा भोंगा घरोघरी अजून गोष्टींत वाजतो. ‘माय आजोबा वर्क्ड इन अ मिल. द मिल हॅड अ भोंगा.’ ही वाक्यं मुलांनी मनापासून लिहिली. त्यानंतर ‘डायनासॉर्स लिव्ह्ड लाँग अगो’ समजावून सांगावं लागलं नाही. शेवटच्या ‘ईडी’चा उच्चार मात्र कानावर घाला: ‘लिव्ह्ड’मध्ये ड, ‘वर्क्ड’मध्ये ट, ‘हंटेड’मध्ये इड. ‘लिवेड’, ‘वर्केड’ ही सवय एकदा लागली की सातवीपर्यंत जात नाही.

इंग्रजीच्या तासाला विज्ञान चुकवणं

आपण भाषा शिकवतोय म्हणून माहिती चुकली तर चालेल, असं नाही. उडणारे टेरोसॉर आणि समुद्रातले प्लेसिओसॉर डायनासॉर नव्हते. मॅमथ तर हत्तीच्या कुळातला सस्तन प्राणी. माणूस आणि डायनासॉर एकत्र कधीच राहिले नाहीत. स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरस यांची लढाई दाखवणारं चित्र मिळालं तर तेही तपासा. पहिला साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि दुसरा ६.६ ते ६.८ कोटी वर्षांपूर्वीचा. टायरॅनोसॉरस काळाच्या हिशोबानं स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा आहे. हे वाक्य मुलांना इतकं आवडतं की ती घरी जाऊन सांगतात.

एक प्रश्न दरवर्षी येतो: बाई, सोलापुरात होते का? ‘ते सगळे अमेरिकेत’ असं उत्तर मी एकदा दिलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. सोलापूरखालचा काळा दगड हा दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासॉर संपत आले त्या सुमाराचा. थिजलेल्या लाव्हात हाडं सापडत नाहीत. पण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला सापडली आहेत. गडचिरोलीतल्या सिरोंचा भागातल्या बारापासॉरसचं नामकरण १९७५ मध्ये झालं. नावाचा पहिला भाग बंगालीतला, मोठ्या पायाचा. पूर्ण शास्त्रीय नावातला दुसरा शब्द, ‘टागोरेई’, रवींद्रनाथ टागोरांच्या सन्मानार्थ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला आयसिसॉरस सापडला. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनासॉरच्या शेणाच्या जीवाश्मात गवताचे कण मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. राजासॉरस गुजरातचा, नामकरण २००३ चं.

आपल्या पुस्तकात ही पानं नसतील तर स्वतः बनवा. आमच्या पुस्तकाला आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन पानं जोडली. ‘बारापासॉरस वॉज बिग. इट हॅड लाँग लेग्ज. इट एट प्लँट्स. इट लिव्ह्ड इन अवर महाराष्ट्रा.’ काटेकोर बघायचं तर तेव्हा महाराष्ट्र नव्हता, हे एका मुलानंच दाखवून दिलं आणि आम्ही ओळ बदलली. सिरोंचा भागात तेलुगू बोलतात हे कळल्यावर माझी तेलुगू मुलं त्या पानाची मालक झाली.

किरकोळ पण रोजच्या अडचणी

एकच पुस्तक आणि चाळीस मुलं असतील तर पानाचा मोबाईलवर फोटो काढून टीव्हीवर मोठा करा. टीव्ही नसेल तर बाह्यरेषा फळ्यावर काढा, रंग आणि दात मुलं भरतील.

व्हिडिओ बघून सगळं माहीत असलेला एक मुलगा प्रत्येक वर्गात असतो आणि बाकीचे त्याच्यापुढे गप्प होतात. त्याला गप्प बसवू नका. त्याला पुढे खुर्चीवर बसवा. बाकीच्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारायचे, त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं. प्रश्न विचारणारेच जास्त शिकतात.

बोलताना मध्येच चूक दुरुस्त करू नका. मुलाचं वाक्य संपू द्या, मग तेच वाक्य बरोबर करून आपण म्हणा आणि पुढे चला.

चाचणीत नावं, अर्थ, रिकाम्या जागा देण्यापेक्षा कोड्याचं कार्ड द्या: नाव न लिहिता एका डायनासॉरबद्दल चार वाक्यं, बाकीच्यांनी ओळखायचं. गेल्या वर्षी या कार्डांच्या आधी मी वर्गाला सांगितलं होतं की पक्षी डायनासॉरचेच वंशज आहेत, म्हणून शास्त्रज्ञ पक्ष्यांनाही डायनासॉरमध्येच धरतात. आपल्या जवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ पासून अभयारण्य आहे आणि तो पक्षी आता फार थोडा उरलाय, हेही सांगितलं होतं. वर्गात क्वचित बोलणाऱ्या एका मुलीनं कार्ड आणून दिलं: ‘इट हॅज टू लेग्ज. इट हॅज नो टीथ. इट इज टॉल. इट लिव्ह्ड इन नान्नज.’ मी ते वाचून दाखवल्यावर मुलांनी लगेच ओळखलं. मी तिला विचारलं, ‘लिव्ह्ड? लाँग अगो?’ ती थोडा वेळ थांबली, कार्ड परत घेतलं, शेवटचा डी खोडला आणि तिथे एस लिहिला.