स्ट्रीमर बांधताना चमकी हात राखून

हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या ट्राउट माशासाठी साताऱ्यात बसून स्ट्रीमर (गळावर केस-धागे बांधून केलेलं छोट्या माशासारखं आमिष) बांधणार असाल, तर लांब दांड्याचा ६ नंबरचा गळ घ्या. परदेशात सॅल्मनसाठी २ नंबर. गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरी ओवायच्या भोकामागे, तसे दोन डोळे मावतील एवढी जागा मोकळी सोडा. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ही जागा भरली की शेवटी गाठीवर लावलेलं वार्निश भोकात उतरतं आणि नदीकाठी दोरी ओवता येत नाही.

दांड्यावर दोरा गच्च गुंडाळा, त्यावर चंदेरी टिन्सेल (चकचकीत पट्टी) वेढ्याला वेढा लावून. वर बकटेलचे, म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस, काडेपेटीच्या काडीएवढ्याच जाडीचे, गळाच्या दुप्पट लांब. जास्त लांब ठेवलेत तर मासा नुसती शेपटी चावतो. मग चमकीचे ४ ते ६ धागे, टोकं कमी-जास्त कापून. राजवाड्याकडच्या बाजारातली प्लास्टिकची जरही चालते. धातूची नको, ती एकदा वाकली की तशीच राहते. हौसेने झुबका लावलात तर नितळ पाण्यात मासा बिचकतो. गढूळ पाण्यात मात्र खुशाल दुप्पट लावा.

माहुलीच्या घाटावर संथ पाण्यात ओढून बघा. आडवा पोहत असेल तर केस एका बाजूला सरकलेत. सोडून पुन्हा बांधा.

प्रवाहाला तिरका, खालच्या अंगाला फेका. वीतभर ओढा, क्षणभर थांबा. ट्राउट बहुधा त्या थांबण्यातच घेतो. धक्का लागला की काठी न उचलता हाताने दोरी ओढा. सॅल्मनला उलटं: तो वळून दोरी ताणेपर्यंत काहीच करू नका.