नस्यानंतर उपद्रव झाल्यास काय करावे

नस्यानंतर, म्हणजे नाकात औषधी तेल किंवा तूप सोडण्याच्या आयुर्वेदिक उपचारानंतर, डोके दुखू लागले की आणखी दोन थेंब तूप सोडून पाहावे, असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो आणि नेमका तोच अनेकदा त्रास वाढवतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चाळिसाव्या अध्यायात नस्याच्या व्यापदांची, म्हणजे उपद्रवांची, कारणे दोनच सांगितली आहेत : दोषांचा (वात, पित्त, कफ यांचा) उत्क्लेश, म्हणजे ते चाळवून वाढणे, आणि क्षय, म्हणजे ते कमी होणे. उत्क्लेशामुळे झालेल्या त्रासात शमन-शोधन (दोष शांत करणे किंवा बाहेर काढणे) करावे आणि क्षयामुळे झालेल्या त्रासात बृंहण (पोषण) करावे, म्हणजे दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट दिशेने जातात. त्यामुळे हाती काही घेण्याआधी रुग्ण कोणत्या बाजूचा आहे हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

त्यासाठी नस्य कोणत्या स्थितीत दिले गेले हे आधी विचारावे. जेवणानंतर, अजीर्ण असताना, डोक्यावरून नुकतेच स्नान झालेले असताना किंवा नवीन सर्दीत स्नेह (तेल-तूप) दिला असेल, आणि आता डोके जड, तोंडाला पाणी सुटलेले, नाक चोंदलेले व बुद्धी मंद वाटत असेल, तर कफाचा उत्क्लेश झाला आहे असे समजावे. अशा वेळी पुढचे स्नेहनस्य थांबवावे, कोमट पाण्याच्या गुळण्या करवाव्यात, दिवसा झोपू देऊ नये आणि भूक लागेपर्यंत जेवणाचा आग्रह धरू नये. भूक लागली की मुगाचे कढण सुंठ घालून द्यावे. तीक्ष्ण नस्य किंवा धूमपान (औषधी धूर) द्यायचे की नाही, हा निर्णय मात्र वैद्यांचाच असावा.

दोषक्षयामुळे त्रास झालेला रुग्ण वेगळा दिसतो. तो बहुधा कृश, उपाशी, दमलेला किंवा नुकतेच विरेचन (औषधाने करवलेले जुलाब) झालेला असतो, आणि डोके पोकळ झाल्यासारखे वाटते, नाक कोरडे पडून आग होते, मान आखडते, अशी त्याची तक्रार असते. तीक्ष्ण शिरोविरेचन (डोक्यातील दोष बाहेर काढणारे नस्य) प्रमाणाबाहेर झाले तरी डोक्याची ही शून्यता आणि इंद्रियांचा गोंधळ ग्रंथांत नोंदवलेला आहे. येथे लंघन (उपास) मुळीच नको. वारा लागणार नाही अशा खोलीत विश्रांती, मान-खांद्यांना कोमट तेलाचा हलका अभ्यंग, सौम्य शेक आणि तूप घातलेली पेज किंवा दूध, एवढ्यावरच बहुतेकांना आराम पडतो. ज्वर, शोक किंवा मद्यपान अशा अवस्थेत नस्य घेतल्याने डोळ्यांपुढे अंधारी येते असे चरकसंहिता सांगते. तेथे शीत उपचार करावेत, परंतु दृष्टीतील बदल टिकून राहिला तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.

नस्य चालू असतानाच रुग्णाला भोवळ आली, तर औषध सोडणे ताबडतोब थांबवावे आणि त्याला कुशीवर वळवावे. अशा मूर्च्छेत डोके वगळून अंगावर थंड पाणी शिंपडावे, असे अष्टांगहृदय या ग्रंथाचे कर्ते वाग्भट सांगतात. घाबरलेले नातेवाईक नेमके डोक्यावर पाणी ओततात, ते अडवावे. लगेच शुद्ध आली नाही, तर रुग्णालय गाठावे. नाकातून रक्त आल्यास रुग्णाला बसवून मान किंचित पुढे झुकवावी आणि नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे न सोडता दाबून धरावा.

श्वासाशी संबंधित लक्षणांत मात्र घरगुती उपाय करत बसू नये. तेल श्वासनलिकेत उतरले की ठसका लागतो. तो काही वेळात थांबून श्वास मोकळा झाला तर ठीक. पण खोकला चालूच राहिला, छातीत घरघर सुरू झाली किंवा पुढच्या दिवसांत ताप व धाप लागू लागली, तर फुप्फुसात तेल जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाची शक्यता असते आणि छातीचा एक्स-रे काढून घ्यावाच लागतो. त्या वेळी नस्य घेतल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ओठ, जीभ सुजणे, अंगावर गांधी उठणे आणि श्वास कोंडणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत; महाराष्ट्रात अशा वेळी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

यातील पुष्कळसे त्रास द्यायच्या पद्धतीतच टाळता येतात. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी, तेल आधी हाताच्या पाठीवर टाकून पाहावे, एक नाकपुडी बंद करून दुसरीत सावकाश सोडावे. रुग्णाने या वेळी बोलू किंवा हसू नये, आणि घशात उतरलेले तेल गिळण्याऐवजी दोन्ही बाजूंना थुंकून टाकावे. मर्श, म्हणजे पूर्ण मात्रेच्या नस्याची मात्रा वाग्भटांनी उत्तम, मध्यम व कमी अशा क्रमाने दहा, आठ व सहा बिंदू अशी सांगितली आहे. त्यांचा बिंदू म्हणजे तर्जनीची दोन पेरे बुडवून वर काढल्यावर पडणारा थेंब, त्यामुळे ड्रॉपरचे थेंब मोजून तीच मात्रा मिळते असे धरून चालू नये.

नस्यासाठी वयाची मर्यादा सातच्या आत नको आणि ऐंशीच्या पुढे नको, अशी आहे. दोन बिंदूंचे प्रतिमर्श, म्हणजे अगदी अल्प मात्रेचे नस्य, जन्मापासून चालते असे वाग्भट म्हणतात खरे, परंतु आंघोळीच्या वेळी तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची आपल्या घरांतील रीत या आधाराने चालू ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाळाला तेल खाकरून थुंकता येत नाही आणि ते सहज फुप्फुसात उतरते. गिळण्यास त्रास असलेल्या वृद्धांना आणि पक्षाघाताच्या रुग्णांना हाच धोका असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत नस्य सुरू करण्याआधीच वैद्यांना गिळण्याच्या अडचणीची कल्पना द्यावी.