ग्रुपवरचा गोंगाट असा आवरला

आमच्या टीमच्या ग्रुपवर नुसता मेसेजचा पाऊस. "ओके", "नोटेड", अंगठे... त्यात "सर्व्हर बंद आहे" हा मेसेज दोन तास कुणाला दिसलाच नाही.

शेवटी ट्विटरची जुनी युक्ती उचलली. तिथली १४० अक्षरांची मर्यादा एसएमएसच्या १६० अक्षरांतून आली होती. उरलेली २० पाठवणाऱ्याच्या नावासाठी. (२०१७ साली ती २८० झाली, ते सोडा.) आम्हीही ठरवलं, एका मेसेजमध्ये एकच गोष्ट, तीही दोन ओळींत, आणि काम ज्याचं त्याला टॅग करायचं. "कुणीतरी बघा" लिहिलं की कुणीच बघत नाही! चर्चा त्याच मेसेजखाली थ्रेडमध्ये. 'तातडीचं' चॅनल वेगळं काढलं, बाकीची म्यूट करायला मोकळीक.

परवा सर्व्हर पुन्हा बसला. चार मिनिटांत उत्तर: "बघतोय." साहेबांचं गुड मॉर्निंग मात्र अजून तातडीच्याच चॅनलवर येतं.