गोव्यात मुलांना शिडाच्या होडीवर आणताय? या चुका टाळा

होड्या आल्या, लाइफ जॅकेटं आली, फी माफ केली, आणि तिसऱ्या रविवारी किनाऱ्यावर मोजकीच मुलं उरली. मग आयोजक म्हणतात, "गावच्या पोरांना आवडच नाही." मला हे पटत नाही. ज्या मांडवी नदीत दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या शिडाच्या नौका उतरल्या, तिच्या काठच्या मुलांना शिडाचं वेड लावावं लागत नाही. मुलं गळतात ती बहुतेक वेळा आपल्या आखणीमुळे.

दर रविवारी सकाळी ८ वाजता

सगळ्यात सोयीची वाटणारी आणि सगळ्यात जास्त नडणारी चूक ही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्याला जवळजवळ सहा तास. या रविवारी आठला काठोकाठ असलेलं पाणी पुढच्या रविवारी आठला ओसरलेलं असतं. मुलं चिखलातून होडी ओढतात, ताटकळतात, घरी जातात. त्यात सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ओहोटी आणि मतलई एकाच दिशेला लागले की मिरामारच्या किनाऱ्यासमोर नवशिक्याची होडी आग्वादजवळच्या नदीच्या तोंडाकडे सरकू लागते, आणि वाऱ्यावर नागमोडी चढत परत यायचं त्याला अजून जमत नसतं. रेस्क्यू बोटीला बांधून आणलेल्या पोराला त्याची आई पुन्हा पाठवेल, ही आशा धरू नका.

वेळापत्रक घड्याळावर नव्हे, तिथीवर आखा. अष्टमीच्या आसपास भांग असते. पाणी फार चढत नाही, फार ओसरतही नाही, प्रवाह मंद असतो. महिन्यात अष्टमी दोनदा येते. तिच्या जवळचे दोन रविवार नवशिक्यांना द्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्यांना किनाऱ्यावरच गाठी शिकवा, होडीची बांधणी दाखवा. वेळही सकाळी आठची नको. मतलई पडून समुद्राकडून येणारा खारा वारा हलका लागतो, तो उशिरा सकाळचा तास पहिल्या धड्याचा, कारण हा वारा होडीला किनाऱ्याकडे आणतो. दुपार चढली की त्याचा जोर वाढतो. ती वेळ शिकलेल्या मुलांची.

याच कारणासाठी मे महिन्यातल्या दहा दिवसांच्या शिबिराला माझा विरोध आहे. सुट्टी असते म्हणून सगळे तेच घेतात. पण लगेच जून लागतो, समुद्र बंद होतो आणि चवथीपर्यंत मुलं सगळं विसरतात. दिवाळीनंतर सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत नेटाने चालवा.

"मोफत आहे, या"

शिकवणं मोफत, पण वाळपईहून दोनापावलापर्यंत येणं मोफत नाही. रविवारी बसफेऱ्या कमी असतात आणि अकरा वर्षांच्या मुलीला दोन बस बदलून एकटीला कोणी पाठवत नाही. मुलांना होड्यांकडे आणण्याऐवजी होड्या मुलांकडे न्या. ऑप्टिमिस्ट ही मुलांची एकशिडी होडी जेमतेम २.३ मीटर लांब आणि ३५ किलोची असते. तीन-चार होड्या साध्या टेम्पोत मावतात. शापोरा नदीच्या काठी किंवा चोडणला फिरतं केंद्र चालू शकतं. मात्र जागा निवडताना आधी गावातल्या जाणत्यांना विचारा आणि बंदर कप्तान खात्याची परवानगी घ्या. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत; नकाशावर ते पाणी कितीही शांत दिसलं तरी तिथे मुलांना उतरवू नका.

मच्छीमार वाड्यावर फक्त फॉर्म घेऊन जाणं

"तुमच्या मुलांना समुद्र शिकवतो" हे वाक्य रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या अंगणात उच्चारू नका. पाण्यातला वाळूचा पट्टा कुठे सरकलाय, वारा कधी फिरणार, हे त्या घराला ठाऊक असतं. रेस्क्यू बोट चालवायला वाड्यावरचाच माणूस घ्या आणि त्याला रीतसर मजुरी द्या. सेवाभावाची अपेक्षा फक्त त्याच्याकडूनच का? रापण ओढत असताना त्या किनाऱ्यावरून होड्या सोडू नका, जाळ्यांच्या खुणा मुलांना पहिल्याच दिवशी ओळखायला लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत फायबरच्या होड्यांची दुरुस्ती वाड्यावरच्या कारागिरांकडून करून घ्या, मुलांना मदतीला बसवा. शिडं शिवणं, दोऱ्या बदलणं, भेगा बुजवणं, यातूनही मूल होडीचं होतं.

मोठ्यांचं जॅकेट, उशिरा दिलेली बुडी

लाइफ जॅकेटवर वजनाचा आकडा छापलेला असतो. तो न पाहता मिळेल ते चढवलं जातं. मुलाला घालून खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघेल, बदला. ऑप्टिमिस्टमधल्या तिन्ही हवेच्या पिशव्या दर वेळी दाबून पाहा. आणि होडी उलटवून सरळ करण्याचा सराव पहिल्याच दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात. होडीला धरून राहायचं, सोडून पोहायचं नाही, हे अंगात भिनल्यावर भीती निम्मी होते. पोहता येत नाही म्हणून मुलाला परत पाठवू नका. पोहण्याचे धडे सोबतच सुरू करा.

मुलींसाठी भाषण, पण कपडे बदलायला जागा नाही

२०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तारिणी घेऊन गोव्यातल्या आयएनएस मांडवी या नौदल तळावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या; २ ऑक्टोबर २०२४ ला तिथूनच दोघी निघाल्या आणि मे २०२५ मध्ये परतल्या. शाळेत ही गोष्ट जरूर सांगा. पण किनाऱ्यावर कपडे बदलायला आडोसा, शौचालय आणि एक स्त्री प्रशिक्षक नसेल, तर आठवीनंतर मुली येत नाहीत. पैसे कमी असतील तर एक होडी कमी घ्या, आडोसा आधी उभारा.

पंधरा वर्षांनंतर काहीच नाही

ऑप्टिमिस्टच्या स्पर्धा पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात. पुढे मूल होडीत मावतही नाही आणि पुढची होडी केंद्रात नसते. दोघांनी चालवायची एक तरी मोठी होडी सुरुवातीपासून अंदाजपत्रकात धरा. पदक न मिळालेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना लहानांच्या गटाचे मदतनीस करा, अठराव्या वर्षी प्रशिक्षकाच्या परीक्षेची फी केंद्राने भरावी. त्या रकमेची तरतूद पहिल्याच वर्षी करून ठेवा.