अन्नातले विषारी धातू खनिजांची जागा घेऊ नयेत म्हणून काय करावे?

शिसे पोटात गेले की शरीर त्याला कॅल्शियमच समजते. हाडांत नेऊन साठवते आणि तिथे ते अनेक वर्षे राहते. पुढे गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघू लागते, तेव्हा जुने शिसेही रक्तात उतरते. कॅडमियमची तऱ्हा वेगळी. ते मूत्रपिंडात साचते, तिथल्या सूक्ष्म नलिका खराब करते आणि कॅल्शियम, फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. जपानमधल्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि तिथल्या लोकांची, विशेषतः बायकांची, हाडे किरकोळ हालचालीनेही मोडू लागली. त्या आजाराचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे पडले. सरकारने १९६८ मध्ये प्रदूषणामुळे झालेला आजार म्हणून त्याला मान्यता दिली.

खरी मेख पुढे आहे. आतड्यात लोह शोषून घेणारे वाहक प्रथिन कॅडमियम आणि शिसेही आत घेते. अंगात लोह कमी असेल तर शरीर हे प्रथिन वाढवते आणि लोहाबरोबर विषही जास्त शोषले जाते. म्हणून मी सुरुवात ताटापासून न करता तपासणीपासून करायला सांगेन.

१. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले प्रथिन) तपासून घ्या. लोहाचा साठा आटत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ ठीक दिसते. घरात लहान मूल असेल आणि शिशाशी संबंध आल्याची शंका असेल, तर त्याच्या रक्तातले शिसेही मोजा. मुले पोटात गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतात. १०० मिली रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले, तर ते कुठून येते हे शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र त्याखालचा आकडा सुरक्षित असतो असे नाही.

२. मुलांना फार वेळ उपाशी ठेवू नका. रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. कडधान्ये, पालेभाज्या यांतल्या लोहासोबत क जीवनसत्त्वाचे काहीतरी आंबट असू द्या. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नका.

३. भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाका. तांदळातले आर्सेनिक हे विषारी द्रव्य बरेच कमी होते. मात्र बाहेरून लोहाचा लेप दिलेला तांदूळ असेल तर ते लोहही त्या पाण्यात जाते, एवढे लक्षात ठेवा.

४. पाणी उकळून शिसे जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. जुन्या नळाचे पाणी थोडा वेळ वाहू द्या आणि स्वयंपाकाला गार पाणीच घ्या. आंबट पदार्थ शिशाची झिलई असलेल्या मातीच्या भांड्यात ठेवू नका.

५. शार्कसारखे मोठे शिकारी मासे कमी खा, छोटे मासे खा. मोठ्या माशांत पारा साचतो आणि तो शरीरातल्या सेलेनियम या गरजेच्या खनिजाला बांधून ठेवतो.

६. तंबाखू सोडा. धूम्रपान करणाऱ्याच्या अंगात कॅडमियम मुख्यतः धुरातूनच जाते.

आणि ‘शरीरशुद्धी’च्या नावाने विकली जाणारी धातू काढणारी औषधे स्वतःहून घेऊ नका. ती शिशाबरोबर जस्तासारखी गरजेची खनिजेही बाहेर काढू शकतात. चुकीचे औषध शिरेतून दिल्याने रक्तातले कॅल्शियम एकदम घसरून माणसे दगावली आहेत. हे उपचार रक्तातले शिसे मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असतात.